पाण्याची रांगोळी

सोलापुरात आमच्या चाळीत, समोरच्या खोलीत ती राहायची. गिरणीतून सुटून आली, की भर दुपारी दारात रांगोळी काढत बसायची. सगळ्या हसायच्या. मी एकदा विचारलंच. मान वर न करता म्हणाली, "गिरनी डोक्यात वाजत ऱ्हाती वो अक्का. रेघा वडल्या की डोकं गप होतंय."

पुढे तिचा नवरा गेला. त्या काळी विधवेनं दारात रांगोळी घालायची नाही. शेजारणींनी तिचा रांगोळीचा डबा उचलून नेला आणि आम्ही बाकीच्या नुसत्या बघत राहिलो.

मग ती पाण्यात बोट बुडवून फरशीवर रेघा ओढायची. आमच्याकडचं ऊन असं, की शेवटची रेघ ओढेपर्यंत पहिली वाळलेली असायची. ती पुन्हा पहिलीपासून सुरू करायची.