काडी खोचलेली गिटार

भोरच्या रिपेरिंगच्या दुकानात दादाची गिटार उघडी पडली होती. सोल्डरचा धूर नाकात जात होता. मिस्त्री म्हणाला, "ह्या बटणात काडी कशाला कोंबलीय? फेकू?"

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. ह्या दोन शिंगांच्या गिटारच्या आवाज बदलायच्या बटणाला मुळात तीनच जागा. वाजवणाऱ्यांनी ते दोन जागांच्या मध्येच अडकवलं, तेव्हा तो नाकातला, गोड आवाज सापडला. पुढं कारखान्यांनीच पाच जागा दिल्या. दादाची गिटार म्हणजे जुनी नक्कल, तीनवालीच; बटण मध्ये टिकावं म्हणून ही काडी.

काही वर्षांपूर्वी विंझरच्या आंबेडकर जयंतीला माझं भाषण होतं, आणि दादाचं भीमगीत त्याच आवाजात वाजणार होतं. त्याचे वडील, आमचे अण्णा, पहिल्यांदाच ऐकायला आले होते. शेवटच्या एसटीनं त्यांना पासलीला परतायचं होतं. ऐन वेळी माईकचा बोर्ड जळाला. चालू प्लग एकच उरला, दादाच्या गिटारच्या अॅम्पचा.

"तू बोल आधी. भाषण महत्त्वाचं," म्हणत त्यानं स्वतःच अॅम्पची वायर काढून माईकची जोडली.

मी बोललो. आमचा आवाज दाबणाऱ्यांवर तुटून पडलो. टाळ्या पडत गेल्या, मी लांबवत गेलो.

मागं दादा वाजवतच होता. गिटार भरीव लाकडाची, विजेशिवाय जवळजवळ मुकी. अण्णांनी वाकून लाकडाला कान लावला.

"लई बारीक येतंय रं. पर येतंय."

एसटीचा हॉर्न वाजला. अण्णा उठले. मी बोलतच होतो.

पुढच्या जयंतीला अण्णा नव्हते. दादा आजही म्हणतो, "त्या दिवशी काय बोलला होतास, गड्या!"

"काडी राहू द्या," मी मिस्त्रीला म्हणालो.