साहेब भायेर गेलेत

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. साजगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य गेलं... कुठून आवाज आला की आधी बेअरिंग तपासायचं, हा माझा स्वभाव. त्यामुळे हे लिहू की नको, यात बरेच दिवस गेले.

दहिवलीला दुसऱ्या मजल्यावर मी एकटा राहतो. बायको जाऊन काही वर्षं झाली, मुलगी बंगलोरला. छंद एकच — सैनिकांच्या जुन्या वस्तू जमवायच्या. त्याही नाव असलेल्याच. नुसता बिल्ला कुणाचाही असतो. कडेवर नाव कोरलेलं मेडल मात्र एकाच माणसाचं असतं.

गेल्या थंडीत शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडे फौजेतली काळी लोखंडी ट्रंक मिळाली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि खालापूर तालुक्यातलं गाव. नाव बदलून लिहितो — हवालदार गणपतराव. आत काही नव्हतं. पुसूनबिसून खिडकीखाली ठेवली.

थोड्या दिवसांनी समोरच्या सुमनताई म्हणाल्या, तुमचे पाहुणे फार सभ्य आहेत हो. म्हटलं, कोण पाहुणे? तर त्या सकाळी भाजी द्यायला आल्या होत्या, बेल वाजवली, दार उघडलं नाही, पण आतून कुणीतरी सांगितलं की साहेब बाहेर गेलेत, येतील आता. मी तेव्हा बँकेत होतो. कुलूप लावून गेलो होतो.

वाटलं, ताईंना खालच्या घरातलं काहीतरी ऐकू आलं असेल. पण पुढच्या आठवड्यात कुरिअरवाला फोनवर तेच म्हणाला — आतल्या माणसाने थांबायला सांगितलंय, तुम्ही किती वेळात येताय?

मग मी दिवसभर घरात बसून राहिलो. घरात नवं आलेलं म्हणजे ती ट्रंकच, तिच्याजवळ खुर्ची टाकून, कान देऊन. काही नाही. मी असताना घर नेहमीसारखंच गप्प.

शेवटी एका दुपारी कुलूप लावलं, जिना उतरलो, पुन्हा वर आलो आणि स्वतःच्याच दाराची बेल वाजवली. आतून खाकरल्याचा आवाज आला. मग दमदार, गावाकडचा आवाज —

"साहेब भायेर गेलेत. बसा, येतील आता."

घाबरायला हवं होतं... पण मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. मी घरी येणार आहे हे सांगणारं कुणीतरी कितीतरी दिवसांनी त्या दारामागे होतं. दार उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रंकेवरचं गाव गाठलं. मला वाटलं होतं, भिंतीवर हार घातलेला फोटो असेल. पण गणपतराव जिवंत होते! ओटीवर खुर्चीत बसलेले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून वाचा गेलेली. नवं घर बांधताना मुलाने ट्रंक भंगारात दिली होती. त्यांची बायको, अनसूयाबाई, चहा घेऊन आल्या. कसं सांगावं कळेना, पण सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. नोकरीतली बरीच वर्षं ते साहेबांच्या बंगल्यावर दाराशी ड्युटीला होते, एवढं म्हणाल्या. मग हळूच विचारलं,

"आवाज कसा होता वो, भाऊ?"

मी म्हटलं, आधी खाकरले, मग बोलले. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. ट्रंक आणून देतो म्हटलं, तर म्हणाल्या, "आणू नका. मीच येते."

आल्या. मी कुलूप लावून खाली जिन्याच्या वळणावर थांबलो. बेल वाजली. मला आतलं काहीच ऐकू आलं नाही. ऐकू येत होत्या त्या फक्त अनसूयाबाई. नातू चालायला लागला. आंब्याला मोहर आला. मधेच थांबायच्या, ऐकल्यासारख्या, मग म्हणायच्या, "नाय वो, मी खाते येळेवर." बराच वेळ चाललं होतं. खाली आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते.

"ट्रंक तुमच्याकडंच र्‍हाऊ द्या," म्हणाल्या. "घरी ते समोर बसल्यात. त्यांच्या देखत ह्यो आवाज नाय बोलायचा."

नंतरही एकदोनदा येऊन गेल्या. उन्हाळ्यात गणपतराव गेले. दिवसकार्य आटोपल्यावर त्या पुन्हा आल्या, दारात उभ्या राहिल्या, दोनदा बेल वाजवली, आतून काही आलं नाही, तशा खाली उतरल्या. मी त्यांना स्टॉपवर सोडलं.

जिवंत माणसाचा आवाज एवढ्या लांब, रिकाम्या घरात कसा येतो? डॉक्टर असलेल्या मित्राला विचारलं, त्याने माझंच बीपी तपासलं. सुमनताईंनाही नंतर काही ऐकू आलेलं नाही. मी मात्र बाहेरून आलो की किल्ली काढण्याआधी बेल वाजवतो, आणि थोडा वेळ थांबतो.