आईचं जपान, लेट्रिमच्या डोंगरात

जायचं होतं जपानला, गेलो इथल्याच, आयर्लंडमधल्या लेट्रिमला. गेल्या दीड वर्षाची हकिगत खरं तर एवढ्यातच संपते, पण लिहायला बसलेच आहे तर सविस्तर सांगते.

माझी आई पुण्यात जपानी शिकवते. तरुणपणी ती भोसरीच्या एका कारखान्यात दुभाषी होती आणि साहेब लोकांबरोबर एकदाच जपानला जाऊन आली. काम संपल्यावर यजमानांनी सगळ्यांना डोंगरातल्या एका र्‍योकानमध्ये नेलं. र्‍योकान म्हणजे तिकडचं घरगुती, जुन्या पद्धतीचं हॉटेल. तिथे गरम पाण्याचा झरा, लाकडी हौद, हौदाच्या काठावर बर्फ आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली माझी आई. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की हौदाच्या कुठल्या कोपऱ्यात शेवाळं होतं तेही मी सांगू शकेन. बाबा गेल्यावर मी ठरवलं, हिला एकदा तिथे परत न्यायचं. २०२०च्या फेब्रुवारीत ती आमच्याकडे डब्लिनला, ओंगार या उपनगरात आली. एप्रिलमध्ये आम्ही दोघी इथूनच टोकियोला निघणार होतो. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिकिटं रद्द झाली, विमानं बंद पडली, व्हिसा आपोआप वाढत गेला आणि तीन महिन्यांसाठी आलेली आई दीड वर्ष राहिली.

कोणाला सांगू नका, पण मला ते फार आवडलं. चेरीवूडचं माझं ऑफिस बेडरूममध्ये आलं होतं आणि लॅपटॉप मिटून खाली उतरलं की आमटीचा वास यायचा. माझी आठ वर्षांची इरा आजीला अस्सल आयरिश हेलात इंग्रजीतून उत्तरं द्यायची आणि आजी तिला मराठीतून दटावायची. दोघींचं छान चाललं होतं. या उन्हाळ्यात प्रवास पुन्हा सुरळीत झाला तेव्हा मी आईला विचारलं, "तू इथेच राहा ना. कायमची."

"बघू," ती म्हणाली.

लहानपणी मी सायकल मागितली तेव्हाही ती 'बघू' म्हणाली होती, आणि सायकल आली. कुत्रं मागितलं तेव्हाही 'बघू'च म्हणाली होती. ते आलं नाही. त्यामुळे महिनाभर माझा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात ऑफिसमधल्या एकीने सांगितलं की लेट्रिमच्या डोंगरात एक जपानी बाई आणि तिचा आयरिश नवरा चार खोल्यांचं र्‍योकान चालवतात. झऱ्याचं पाणी लाकडांवर तापवतात, उघड्यावर हौद आहे. मी लगेच फोन केला. सप्टेंबरातल्या एका रात्रीचं, दोन जेवणं धरून, दोघींचं बुकिंग झालं. अडीचशे युरोच्या आत बसलं, म्हणजे टोकियोच्या मानाने फुकटच. लाच म्हणा हवं तर. इथेही डोंगर आहे, इथेही हौद आहे, मग राहायला काय हरकत आहे, असा माझा डाव होता.

रस्ता सोपा आहे. एम-४ घ्या, टोलसाठी सुटे पैसे हाताशी ठेवा, मलिंगारला चहाला थांबा, कारण पुढे बराच वेळ मनासारखा चहा मिळत नाही. आम्ही पार्किंगमध्ये थर्मासमधला आमचाच चहा प्यायलो, आल्याचा. कॅरिक-ऑन-शॅननच्या पुढे रस्ते अरुंद होत जातात आणि ड्रमशॅन्बो सोडल्यावर तर मध्ये गवत उगवलेला रस्ता लागतो. तिथे फोनच्या नकाशाने मान टाकली. ट्रॅक्टरवरच्या एका आजोबांना मी विचारलं.

"जपानी बाईकडे ना? सरळ जात राहा. आता आपण चुकलो असं वाटलं की अजून थोडं पुढे जायचं," ते म्हणाले. "यू'ल बी ग्रँड." म्हणजे इथल्या भाषेत, काळजी नको.

अगदी तसंच झालं. दोघींची पक्की खात्री पटली की चुकलो, आणि वळणावर ते बसकं पांढरं घर दिसलं. मागे धुक्यात अर्धा बुडालेला डोंगर होता.

दारात यजमानीणबाई मिचिकोसान उभ्या होत्या. सत्तरीच्या, अंगात मेंढीच्या लोकरीचा जाड स्वेटर. आई बूट काढून कमरेत वाकली आणि जपानीत काहीतरी म्हणाली. मिचिकोसानही तशाच वाकल्या, मग दोघी एकदम बोलायला लागल्या, आणि मी बॅगा घेऊन दारातच ताटकळले. "दोन वर्षांत घरात माझी भाषा बोललेच नव्हते," मिचिकोसान नंतर मला इंग्रजीत म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी पूर्ण लेट्रिमचं आहे. चाळीस वर्षं इथे राहिल्यावर दुसरं काय होणार?

हौदाचे नियम असे. प्रत्येक कुटुंबाला एक तास, सध्या दुसरं कोणी आत येत नाही. आधी बाहेर बसून स्वच्छ आंघोळ करायची, मगच हौदात उतरायचं. आणि अंगावर काहीही घालायचं नाही. मी हौसेने नवा स्विमिंग कॉस्च्युम घेतला होता. तो हातात धरून मी कपडे बदलायच्या खोलीत उभी राहिले, आणि आई तोवर कपडे काढून मोकळीही झाली होती.

"अगं, लाजतेस काय? तुला मीच आंघोळ घातलीय," ती म्हणाली.

आत एक बुटकं लाकडी स्टूल, बादली आणि लाकडी भांडं होतं. आई त्यावर बसली आणि तिने 'हाऽऽ' असा मोठा सुस्कारा सोडला. दीड वर्ष ती आमच्याकडे शॉवरखाली उभ्याने, एका हाताने भिंत धरून आंघोळ करत होती. वर 'इमर्शन बंद केलं का गं?' ही पाण्याच्या हीटरची इथली सार्वत्रिक चिंताही तिला लागली होती. इथे बादलीतून पाणी घेऊन ती खांद्यांवर ओतत राहिली, पुण्याच्या मोरीत बसल्यासारखी. मग म्हणाली, "पाठ चोळून दे."

मी आईची पाठ चोळली. आयुष्यात पहिल्यांदाच. ती इतकी लहान झाली आहे हे कपड्यांतून कधी कळलंच नव्हतं. मला तिला तिथेच धरून ठेवावंसं वाटलं. दिवाळीत ती माझी पाठ इतकी खसाखसा चोळायची की मी ओरडायचे, आणि आता माझा हात हलकाच पडत होता. "जोर लाव की जरा," ती म्हणाली.

हौदातलं पाणी कढत होतं. वाफ आणि धुकं एकमेकांत मिसळलं होतं, खाली कुठेतरी मेंढ्या ओरडत होत्या. आई डोळे मिटून गळ्यापर्यंत बसली.

"तसंच आहे?" मी विचारलं.

"नाही गं. तिथलं पाणी जमिनीतूनच उकळून यायचं. गंधकाचा वास असायचा. आणि तेव्हा गुडघे माझे होते." ती हसली. "पण छान आहे. फार छान आहे."

राहण्याचं विचारायचं ते मी तिथे विचारलं नाही. इतकी सुखात होती की धीर झाला नाही.

जेवण शाकाहारी होतं, आईने आधीच समजावून सांगितलं होतं. माशाऐवजी स्लायगोच्या किनाऱ्यावरच्या समुद्री शेवाळाचं सार, घरचा टोफू, कोबीचं लोणचं आणि मऊ भात. आईने पिशवीतून मेतकुटाची पुडी काढली आणि मिचिकोसानच्या भातावर चमचाभर घातली. त्यांनी आणखी एक चमचा मागून घेतला.

सकाळी जाग आली ती आईच्या हसण्याने. स्वयंपाकघरात दोघी भाज्या निवडत बसल्या होत्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. आई जपानीत जास्त खळखळून हसते, हातवारे करते, मध्येच टाळी देते. ही बाई माझ्या जन्माआधीपासून आहे आणि माझी हिच्याशी ओळख नाही, असं वाटून मला चक्क हेवा वाटला.

निघताना आई खोलीत बॅग भरत होती. मिचिकोसाननी माझा हात हातात घेतला. "ऑक्टोबरात जातेय म्हणे. क्लासमधली मुलं वाट बघतायत, आणि तिला स्वतःच्या घरात म्हातारं व्हायचंय. तुला मात्र जड जाणार गं," त्या म्हणाल्या. मला माहीत आहे असंच त्या धरून चालल्या होत्या.

"हो," मी म्हणाले.

मलिंगारपर्यंत गाडीत फक्त रेडिओ चालू होता. मग मी तो बंद केला. "आई, त्यांना सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस," ती म्हणाली. "आणि तू रडलीस तर मी राहीन गं. मला माहितीय माझं. म्हणून आधी तिला सांगून बघितलं, तोंडातून निघतंय का ते."

टोलपाशी तिनेच पर्समधून नाणी काढून माझ्या हातावर ठेवली.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. जागेचं नाव इथे देत नाही, मिचिकोसानना गर्दी नको आहे, पण मला विचारलंत तर सांगेन. जाड मोजे न्या, कॉस्च्युम घरी ठेवा. शक्य असेल तर आईला घेऊन जा आणि तिची पाठ चोळून द्या. तेवढं एक माझ्याकडे राहिलं आहे. बाकी माझा डाव पार फसला. जे पाणी तिला इथे धरून ठेवेल म्हणून मी तिला तिथे नेलं, त्यात बसूनच तिला घर आठवलं.

तिकीट मीच काढलं, एका बाजूचं. ऑक्टोबरात आम्ही तिघं तिला विमानतळावर सोडायला गेलो. इरा आजीच्या कमरेला मिठी मारून हमसून हमसून रडली, माझा नवरा निखिल दोनदा नाक पुसून आला. आई आत जाताना सारखी वळून माझ्याकडेच बघत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी. मास्क होता ते बरं झालं. मला फक्त डोळे सांभाळायचे होते. ती दिसेनाशी होईपर्यंत मी ते सांभाळले.