घंटामावशींची नखं

घंटामावशींनी उभा जन्म त्या शाळेची घंटा वाजवली. शाळा सरकारी, शहराच्या गजबजाटातली, पण तिची रीत न्यारी. शनिवारी मुलं आजूबाजूच्या घरांत राबायला जायची. कुणाला पेपर वाचून दाखव, कुणाचं औषध आण. ही सेवा झाल्याशिवाय वरच्या वर्गात पाऊल नाही. परतताना मावशी फाटकात प्रत्येकाचे हात बघायच्या. स्वच्छ दिसले की विचारायच्या, "देवाने हात काय खिशात ठेवायला दिलेत?"

निवृत्त झाल्या आणि गुडघ्यांनी संप पुकारला. शाळेने सेवेसाठी त्यांचंच घर निवडलं, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घेण्याची सवयच नव्हती ना! मग शनिवारी उजाडताच त्या भिंत धरून, बसत-सरकत सगळं घर लख्ख करून ठेवू लागल्या. मुली यायच्या तर करायला काडीचं काम नसायचं. मावशी चहा पाजायच्या, जुन्या हेडमास्तरांची नक्कल करून हसवायच्या आणि वाटेला लावायच्या. पुढचे दोन दिवस मात्र अंथरूण सुटत नसे.

एका शनिवारी जिराफ चहाला शिवलीच नाही. जिराफ म्हणजे त्या मुलींतली सगळ्यात उंच. शाळेत बाईंनी कामाचं विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं होतं, की आम्ही चहा पितो. अशी सेवा धरली जाणार नव्हती. सगळ्यांचं वर्ष वाया जायची वेळ आली होती. मावशी सहज बोलून गेल्या, झाडलं-पुसलं म्हणून सांगायचं, कोण बघायला येतंय?

"मावशी, फाटकात आमचे हात तुम्हीच बघायचात," जिराफ म्हणाली. "आता खोटं कुठल्या तोंडाने बोलू?"

मावशींनी हातातला कप खाली ठेवला.

"एक काम आहे," त्या म्हणाल्या. "पण हसायचं नाही."

त्यांनी चादरीखालून पाय बाहेर काढले. भांडी बसून घासता येतात, केर काठीने लोटता येतो. पण वाकताच येत नाही तर पायाच्या नखांना हात कसा पोचावा? ती वाढून बोटांत रुतली होती. चप्पल घालणं म्हणजे शिक्षा.

जिराफने बादलीत कोमट पाणी आणलं, पाय भिजवले आणि एकेक नख जपून कापायला घेतलं.

"मावशी, नखं आहेत की शिंगं?"

"शिंगंच. तुमच्यासारख्या द्वाडांसाठी राखून ठेवलेली."

लाज वाटेल म्हणून मावशींनी डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं होतं. लाज काही आली नाही. छातीवरचा धोंडा तेवढा उतरला. कुणापुढे हात पसरायला लावू नकोस, असं त्या रोज देवाला विनवत; पाय पसरण्याविषयी त्याच्याशी काही बोलणं झालं नव्हतं.

मुली निघाल्या तशा मावशी चप्पल घालून, न कण्हता, दारापर्यंत गेल्या.

"पुढच्या वेळी केर तसाच ठेवीन," त्या म्हणाल्या. "आणि चहा काम झाल्यावर. आधी हात दाखवायचे."