कूलर बंद, गाणं चालू

नागपूरच्या इतवारीतल्या एका कंपनीची कॅसेट वाजल्याशिवाय एके काळी विदर्भात लग्न लागत नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल. सुरुवात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून झाली. मग मालकांनी वरच्या माडीवर भिंतींना गाद्या ठोकल्या, की झाला स्टुडिओ! त्याच माडीवर माझी आई कोरसमध्ये गायची. कोरसवाल्या बायांची नावं मात्र कव्हरवर कधी आली नाहीत.

रेकॉर्डिंग हटकून उन्हाळ्यात, कारण गाणारी मंडळी शेतीतून तेव्हाच मोकळी. आणि नागपूरचा उन्हाळा, बाप्पा! पण कूलरची घरघर टेपवर येते म्हणून तो बंद. एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून गायचं. एका गाण्याची शेवटची ओळ कशीबशी संपली आणि टेप थांबायच्या आतच आई ओरडली, "झालं का गा? कूलर लाव ना आता, जीव चालला!"

पुन्हा गायची ताकद कुणातच नव्हती. मालक म्हणाले, राहू द्या. कॅसेट तशीच निघाली आणि धडाधड खपली. वरातीत ते गाणं संपलं की पोरं एका सुरात ओरडायची, "कूलर लाव!" आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "तेवढं काढून टाका गा," म्हणून तिनं मालकांचं डोकं खाल्लं. मालक नुसते हसायचे.

पुढे सीडी आल्या, मेमरी कार्डं आली, कॅसेटी गेल्या. आता मालकांचा मुलगा जुन्या टेपा साफ करून फोनवर ऐकता येतील अशा करतो आहे. परवा त्यानं आईला मुद्दाम बोलावलं. मीही गेले.

"काकू, बाबांनी तुमचं ऐकलं नाही, मी ऐकलं," तो म्हणाला. "ते वाक्य काढून टाकलं."

त्यानं गाणं लावलं. शेवटची ओळ संपली आणि पुढे काहीच नाही. आईचा चेहरा उतरला.

"मी कुठं हाय याच्यात?"

"कोरसमध्ये आहात की, काकू."

"एवढ्या बायांत माया आवाज मलेच ओळखू येऊन नाही राहिला. तेवढंच एक मायं एकटीचं होतं. ते काहून काढलं गा?"

आता काय म्हणावं या बाईला! जन्मभर काढा-काढा कोण करत होतं? मी सुनावणारच होते, पण तिचे डोळे भरलेले दिसले आणि माझा राग जागच्या जागी विरला.

पोरगा भला. त्यानं कपाटातून मूळ टेप काढली आणि लावली. गाणं संपलं. आणि आला तो तरणाताठा, खणखणीत आवाज: "झालं का गा? कूलर लाव ना आता, जीव चालला!"

"असंच ठेवतो, काकू," तो म्हणाला.

आई पदरानं डोळे पुसत हसायला लागली. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "माया आवाज चांगला होता वं."