एकशे त्रेचाळीस नंबरची खूण

परवा आपल्या भाषावाल्या ग्रुपवर विषय निघाला होता — असं कोणतं पुस्तक आहे जे असायलाच हवं होतं, पण कुठंच मिळत नाही? कोणी मराठवाडी बोलीचा धड शब्दकोश मागितला, कोणी दखनीचे ऑडिओ धडे, एकानं तर थेट मोडी शिकवणारं अ‍ॅपच. मी तेव्हा काहीच लिहिलं नाही. मला ज्या भाषेचा शब्दकोश हवा होता, ती बोलणारी माणसं जगात दोनच होती... आणि त्यातलं एक गेलं. पुढं जे झालं ते ग्रुपवर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून इथं लिहितेय.

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. वाळूजच्या एका कंपनीत अठरा वर्षं स्टोअर सांभाळते. जे रॅकवर आहे ते आहे, जे नाही ते नाही. अमावस्येला स्टोअरच्या दाराला लिंबू-मिरची बांधायला आलेल्या सिक्युरिटीवाल्याला मी चारचौघांत झापलेलं आहे. कंपनीत जपानी साहेब यायचे म्हणून जपानीची पहिली परीक्षा दिली आणि तिथून भाषा शिकायचं वेड लागलं, एवढंच काय ते माझं वेड.

तर ती भाषा. माझी कौसामावशी तीन वर्षांची असताना तापात तिचं ऐकणं गेलं. बोलणं आलंच नाही. शाळा बघितली नाही. माझी आई तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. दोघींनी लहानपणीच आपापसात हातांची एक भाषा तयार केली. आईचं लग्न पिशोरला झालं, काही वर्षांनी आजी वारली आणि मावशी आमच्याकडं आली ती कायमचीच. मी लहान होते तेव्हा या दोघी ओट्यावर समोरासमोर बसून तासन्‌तास बोलायच्या. गावातली प्रत्येक बातमी — कोणाची म्हैस व्याली, कोणाची पोरगी नांदायला गेली — आई मावशीला हातांनी सांगायची. मावशी कधीकधी इतकी हसायची की शेजारच्या सुमनकाकू विचारायच्या, "काय गं, माझंच काय सांगायली का तिला?"

आणि मी? मला भूक, पाणी, चहा, ये, जा अशा वीसेक खुणा यायच्या. बाकी आई होतीच की सांगायला. गरजच पडली नाही कधी. सतराव्या वर्षी शिकायला शहरात आले, नोकरी लागली, लग्न झालं, बजाजनगरात घर घेतलं. जपानी शिकायला शनिवार-रविवार दोन बस बदलून गेले, पण मावशीची भाषा शिकावी असं डोक्यात आलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

गेल्या वर्षी आईला दम लागायला लागला म्हणून शहरात अ‍ॅडमिट केलं. अकरा दिवस. मावशीचं बीपी वाढलेलं, तिला पिशोरलाच सुमनकाकूंकडं ठेवलं होतं. बाराव्या दिवशी सकाळी आई गेली. शेवटी तिचा हात माझ्या हातात होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. अंत्यविधी शहरातच झाला, दिवस माझ्या भावाच्या घरी, गारखेड्याला. चौदाव्या दिवशी मी मावशीला बजाजनगरला घेऊन आले.

आता मुद्द्याचं. मावशीला आई गेल्याचं कोणी सांगितलंच नाही.

ऐकून राग येईल तुम्हाला. मलाही येतो. पण झालं असं की प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणी सांगेल. दादा म्हणाला, "बीपी आहे तिला, लई घाई करू नको, हळूहळू सांगू." सुमनकाकूंना आम्हीच गप्प राहायला सांगितलं होतं. आणि खरी अडचण ही होती की मावशीला आजपर्यंत प्रत्येक गोष्ट जी सांगायची, तीच गेली होती. मग सांगणार कोण? आणि कसं?

मी प्रयत्न केला. एकदा तिच्यासमोर चटईवर आडवी झाले, हात छातीवर घेतले, डोळे मिटले. मावशी घाबरून उठली, माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि बाम चोळत बसली. मी डोळे मिटूनच रडत होते, तिला वाटलं बाम डोळ्यांत गेला.

दादाचं म्हणणं, हार घातलेला फोटो भिंतीला लाव, आपोआप कळेल. मी भडकले त्याच्यावर. ज्या बाईला आईनं जन्मभर प्रत्येक गोष्ट समोर बसवून, हात हातात घेऊन सांगितली, तिला ही एक गोष्ट भिंतीवरून कळवायची? कंपनीच्या गेटवर नोटीस डकवतात तशी? फोटो मी साड्यांच्या खाली कपाटात ठेवला.

तिकडं मावशीचं रोजचं चाललेलं. जेवायला बसली की अर्धी भाकरी मोडून वाटीखाली झाकून ठेवायची. आईसाठी! पेरू कापला तरी अर्धा बाजूला. दुसऱ्या दिवशी ते शिळं गच्चीवर चिमण्यांना कुस्करून घालायची आणि ताजी अर्धी परत झाकून ठेवायची. संध्याकाळी गेटशी जाऊन उभी राहायची. मला बघून नाकाच्या डाव्या बाजूला चिमूट लावायची — ही आईची खूण, आईच्या नाकातली चमकी — आणि मग तळवा उलटा करायची. कुठंय? मी दरवेळी हात हलवायची, येईल. सात महिने मी त्या बाईशी खोटं बोलले.

शेवटी ठरवलं, हिची भाषा नीट शिकायची. नेटवर शोधलं. आपल्याकडच्या मूकबधिरांच्या सांकेतिक भाषेचे शब्दकोश आहेत, व्हिडिओ आहेत, सगळं आहे... पण मावशीला त्यातलं ओ की ठो कळेना. तिची भाषा तिची आणि आईची. सुमनकाकूंना व्हिडिओ कॉल केला तर म्हणाल्या, "मला काय, चहापाण्यापुरतं येतंय. बाकी तुझी माय होती की सांगायला!"

मग मी स्टोअरवाली आहे ते आहेच. एक लाँगबुक घेतलं आणि रकाने आखले: नंबर, खूण, अर्थ, कोणाकडून, तारीख. आमच्याकडं माल आत आला की तो कोणाकडून आला हे लिहिल्याशिवाय रॅकवर चढत नाही. आणि नोंद पेननंच. पेन्सिल दिसली की ऑडिटवाला वही तोंडावर मारतो. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या, मोबाईल डब्याला टेकवून रेकॉर्डिंग लावायचं आणि मावशीला एकेक वस्तू, एकेक चित्र दाखवून खूण विचारायची.

मावशी कडक मास्तरीण निघाली हो! माझं बोट जरा वाकडं झालं की हातावर चापट. चार नंबर माझीच खूण — भुवईवर बोट, कारण मी लहानपणी उंबऱ्यावर पडले त्याचा व्रण तिथं आहे. नऊ नंबर, तळहातावरचं पीठ झटकल्यासारखं करायचं. म्हणजे 'असू दे'. ही आईची आवडती. दूध नासलं, असू दे. मी परीक्षेत आपटले, असू दे. बारा नंबर चहा, बशी तोंडाशी धरून फुंकर. एकसष्ट नंबर जिना, डाव्या हातावरून उजवी दोन बोटं खाली उतरवायची. सगळ्या खुणांसमोर 'कोणाकडून' या रकान्यात एकच नाव, मावशी.

एकशे बेचाळीसपर्यंत गेले. पण मला हवी होती ती खूण काही मिळेना. 'वारली' कसं म्हणायचं? तात्या, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा आई मावशीशी काहीतरी बोललीच असणार... पण तेव्हा हातांकडं कोण बघतंय?

मार्चमधला रविवार होता. दुपारचे तीन. नेहमीसारख्या आम्ही दोघी खुर्च्यांवर बसलेल्या, मोबाईल चालू. तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा, पाण्याचा टँकर आला! आमचे मिस्टर सेकंड शिफ्टला गेलेले. मी उठून पळाले. ड्रम भरेपर्यंत वीस-बावीस मिनिटं गेली, त्यात पाइपावरून शेजारणीशी भांडण.

परत आले तर मावशी स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी खात होती. वाटीखालची. झाकून ठेवलेली अर्धी. सात महिन्यांत तिनं त्या भाकरीला कधी तोंड लावलं नव्हतं. मी दारातच थांबले. तिनं शेवटचा घास खाल्ला, वाटी धुऊन उपडी घातली, हात पुसले. मग माझा हात धरून मला बाहेरच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसली.

तिनं नाकाला चिमूट लावली. आई.

मग दोन्ही हातांची ओंजळ केली, छातीशी धरली, हळूच उघडली आणि रिकामे तळवे माझ्यासमोर धरले.

ही खूण मी बघितलेली नव्हती. मावशीला वाटलं मला कळलं नाही. लहान लेकराला सांगतात तसं तिनं परत केलं, सावकाश. चमकी. ओंजळ. रिकामे हात. आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

अहो, ती मला सांगत होती! मला धक्का बसू नये म्हणून जपून, हात हातात घेऊन सांगत होती की तुझी आई गेली. जे मला सात महिने जमलं नव्हतं. मी जी रडले... आई गेली तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते. तेव्हा फॉर्म भरत होते, फोन करत होते.

मावशीनं मला रडू दिलं. मग माझी हनुवटी वर केली आणि पुढचं सांगितलं. यातली प्रत्येक खूण माझ्या वहीत होती, त्यामुळं चुकीचं वाचलं असं म्हणायला जागा नाही. भुवईवर बोट, म्हणजे मी. डाव्या हातावरून दोन बोटं खाली, म्हणजे जिना उतरले. बशी, फुंकर, म्हणजे चहा. मग आईची चमकी. आणि शेवटी तळहातावरचं पीठ झटकलं.

असू दे.

आता हे मी पहिल्यांदाच लिहितेय. आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात नव्हता. मी खाली होते. रात्रभर जागून डोकं ठणकत होतं म्हणून जिना उतरून कँटीनला चहा प्यायला गेले होते. वर आले तेव्हा नर्स मशीन बंद करत होती. हे मी दादाला सांगितलेलं नाही, मिस्टरांना नाही, कोणालाच नाही. रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेताना मला ते आठवायचं. आणि पिशोरला बसलेल्या, कानानं न ऐकणाऱ्या बाईला ते कोण सांगणार?

मोबाईलची आठवण संध्याकाळी झाली. रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. मी उठून गेल्यावर मावशी तीन-चार मिनिटं नुसती बसलेली दिसते. मग मान वर करते, माझ्या रिकाम्या खुर्चीकडं बघते आणि हसते. तोंड उघडून, पिशोरच्या ओट्यावर हसायची तसं. खुर्चीत कोणी नाही. सावली नाही, धूर नाही, काही नाही. निळी प्लास्टिकची खुर्ची, बस्स. पण मावशीची नजर हलतेय... कोणाच्या तरी हातांकडं बघावं तशी, खाली-वर. मध्येच ती काहीतरी विचारते, थांबते, मान डोलावते. आणि मग ओंजळ करते, उघडते. परत करते. तिसऱ्यांदा करते.

मी भाषेच्या क्लासला बसलेली बाई आहे. नवीन शब्द मिळाला की माणूस तो तीनदा गिरवतो. माझ्यासमोर मावशीनं एकही खूण कधी गिरवली नाही, ती गिरवून घ्यायची.

शेवटी ती पदरानं डोळे पुसते, उठते आणि स्वयंपाकघराकडं जाते.

मिस्टरांना दाखवला व्हिडिओ. फक्त व्हिडिओ. चहाचं नाही सांगितलं. ते म्हणाले, "अगं, म्हातारं माणूस, मनाशीच बोलत असतील. खूण जुनीच असेल, त्यांना आत्ता आठवली. आणि अंदाज तर त्यांना आधीच आला असेल." असेल. दादा म्हणाला, कोणी तरी सांगितलं असेल. असेल बाबा. मावशीला तर मी खुणेनं सरळच विचारलं, तुला कोणी सांगितलं? तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी मूर्खच आहे. नाकाला चिमूट लावली आणि पोळ्या लाटायला गेली.

त्यानंतर तिनं भाकरी झाकून ठेवली नाही. गेटशी उभी राहिली नाही. हार घातलेला फोटो मी काढला तर स्वतः खुर्ची आणून, कुठं लावायचा ते तिनंच दाखवलं. बीपी व्यवस्थित आहे. आता संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर बसून बोलतो. मी अजून चुकते, ती अजून चापट मारते.

तो व्हिडिओ मी शंभर वेळा बघितला असेल. प्रत्येक वेळी खुर्ची रिकामीच असते. त्या रात्री... नाही, रात्री नाही, दुसऱ्या दिवशी शिफ्टला जायच्या आधी, मी वही काढली आणि एकशे त्रेचाळीस नंबर घातला. खूण लिहिली, अर्थ लिहिला, तारीख लिहिली. 'कोणाकडून' या रकान्यात मावशीचं नाव लिहायला गेले आणि हात थांबला. रकाना मोकळा सोडायची मला सवय नाही.

आत जाऊन पेन्सिल आणली आणि लिहिलं — आई.