दाराच्या आतलं पोस्टर

कॉलेजच्या सफाईवाल्या मावशी बावीस वर्षं भिंती खरवडत होत्या. च्युइंगम म्हणू नका, शाई म्हणू नका, त्यांच्या पत्र्याच्या पट्टीपुढे काही टिकत नसे. भिंतीवर कागद दिसला की काढायचा, हा प्राचार्यांचा नियम होता आणि मावशींना त्याचा अभिमान होता.

एकदा वरून पत्र आलं, की कुणावर लैंगिक अत्याचार झाला तर मदत कुठे मिळते ते मुलींना कळवा. झालं, समिती बसली, चहा प्यायली, दोनशे पोस्टरं छापून आली. त्यावर समुपदेशक बाईंचा नंबर हा एवढा मोठा. पण लावणार कुठे? भिंती खराब होतात ना! मग एक पोस्टर प्राचार्यांच्या दाराशेजारी, कुलपातल्या काचेच्या फलकात गेलं. समितीने त्यापुढे हसून फोटो काढला. उरलेली पोस्टरं मावशींच्या खोलीत फिनेलच्या डब्यांमागे पडली. ही म्हणे जागृती. कप्पाळ!

फलकासमोर शिपाई बसायचा. पोरीने त्याच्या डोळ्यांदेखत नंबर उतरवून घ्यावा, अशी या शहाण्यांची अपेक्षा. पहिल्या वर्षाची एक मुलगी तीन दिवस तिथे येऊन उभी राहिली. शिपाई रोज विचारायचा, काय पाहिजे? ती रोज सांगायची, वेळापत्रक. मग मुलींच्या बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून रडायची. बाहेर मावशी बादली धरून ऐकत उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी तोंड पुसत ती मावशींना म्हणाली, उद्यापासून कॉलेज सोडतेय.

मावशींनी बादली खाली ठेवली. खोलीतून पोस्टर आणून तिच्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "दार लावून घे आणि या बाईंना फोन कर. मी फरशी पुसतेय, कुणी येत नाही आत."

पुसलेलीच फरशी त्यांनी तासभर पुसली. मुलगी गेल्यावर डबल खळ लावून बाथरूमच्या प्रत्येक दाराला आतून एकेक पोस्टर चिकटवलं.

महिन्याभरात पाच तक्रारी आल्या. अकरा वर्षं 'एकही तक्रार नाही' असं मिरवणाऱ्या प्राचार्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कॉलेजचं नाव गेलं म्हणे; मुलींचं काय गेलं ते कुणी विचारेना. हा उद्योग कुणाचा ते कळल्यावर मावशींना बोलावणं आलं. आत्ताच्या आत्ता पोस्टरं काढा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

मावशी पट्टी घेऊन गेल्या. आत तीच मुलगी हात धूत होती. कॉलेज सोडलं नव्हतं तिने. तिने पट्टीकडे पाहिलं, मग मावशींकडे. मावशी आल्या पावली परत फिरल्या.

"निघत नाहीत, साहेब."

"तुम्हाला? बावीस वर्षांत असं कधी झालं नाही."

"आज झालं. खोटं वाटत असेल तर आत जाऊन बघा. मुली आहेत, त्यांना विचारून जा."

प्राचार्य खुर्चीतून हलले नाहीत. मावशी उभ्याच राहिल्या. हातातली पट्टी कोरडी ठणठणीत होती, तिला कागदाचा कपटाही चिकटला नव्हता, आणि ती त्यांनी लपवलीही नाही.